नकाशातल्या नऊ जागा

माझ्या सुनेनं गल्लीचा नकाशा काढला आणि त्यात आमचंच दुकान घातलं नाही. विसरली म्हणावं, तर विसरणाऱ्यांतली बाई नाही ती. बारा वर्षं याच दुकानाचं पीठ पायांनी तुडवते आहे, याच दुकानाचे डबे सायकलच्या मागे बांधून घरोघर पोचवते आहे, आणि आमच्या या विणकरांच्या पेठेत, निशिजिनला, आलेल्या पाहुण्यांनी कुठे जेवावं हे सांगायची वेळ आली, तेव्हा हिच्या हातून नऊ जागा निघाल्या आणि आमचं मासुया निघालं नाही. सकाळी सहाला मी दारापुढं झाडत होते. आमच्याकडे आपलं दार झाडून झालं की शेजाऱ्याच्या हद्दीत केरसुणीचे दोनच फटकारे मारायचे. एकही नाही मारला तर माणूस कोरडा ठरतो, आणि चार मारले तर शेजाऱ्याला आळशी म्हटल्यासारखं होतं. मी दुसरा फटकारा मारून मान वर केली, तर समोर गल्लीच्या सूचनाफळ्यावर नवा कोरा कागद. मला अवघड अक्षरं वाचता येत नाहीत. सहावीत शाळा सुटली आणि मी रेशमाची रिळं भरायला बसले, ती लग्नापर्यंत. पण सुनेनं, नागिसानं, सगळं सोप्या अक्षरांत लिहिलं होतं आणि प्रत्येक नावापुढं चित्र काढलं होतं. मासा, टोफूची वडी, अंड्याचं जाडजूड सँडविच, काडीला लावून भाजलेले तांदळाचे गोळे. मी बोट ठेवत मोजलं. नऊ. पुन्हा मोजलं. आमच्या कोपऱ्यावर तिनं लाल टपालपेटी काढली होती. आहे तिथं टपालपेटी, खोटं नाही. पेटी आली, पेटीला टेकून उभं असलेलं पंच्याण्णव वर्षांचं दुकान नाही आलं. मी कागदाकडे बघत राहिले आणि माझ्या हातून शेजाऱ्याच्या दारात तिसरा, चौथा, पाचवा फटकारा गेला.

रागानं अंग असं पेटलं की मला बरं वाटलं, हे आधीच कबूल करते. सत्त्याहत्तराव्या वर्षी छाती धडधडते ती जिना चढल्यावर. त्या सकाळी ती नुसती उभ्या उभ्या धडधडत होती, कान तापले होते, आणि मला वाटत होतं आत्ता धावायला सांगितलं तर धावेन. कारण हा कागद म्हणजे नुसता कागद नव्हता. माझा मुलगा काझुनारी शहराची बस चालवतो. दुकानाशी त्याचा संबंध जेवण्यापुरता. म्हणजे प्रश्न आम्हा दोघींत उरला. वसंतात मी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की डोंगरावरची पानं लाल होईपर्यंत मी बघेन, मग एक तर दाशीचं पातेलं नागिसाच्या हाती, नाही तर माझ्याबरोबर दुकान बंद, मधलं काही नाही. दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, हाच आमचा जीव. समुद्री शेवाळाची पट्टी रात्रभर पाण्यात, सकाळी सुक्या माशाचे पापुद्रे, मग फिकट सोया सॉस आणि मीठ, आणि ते मापानं नाही, जिभेनं. त्या पाण्यात सोडायचे ते उदोन, तुडवलेल्या पिठाच्या जाड शेवया, आमच्याकडे इतके मऊ असतात की दातांना काही कामच नाही. विणकर माग थांबवून जेवायचे, त्यांना चावत बसायला वेळ कुठला. सूप चाखायची लहान बशी सासूच्या हातातून माझ्या हातात आली ती लग्नानंतर आठव्या वर्षी, तोपर्यंत मला फक्त भांडी. नागिसाला बारा वर्षांत मी ती बशी एकदाही दिली नव्हती. पण गेल्या आठवड्यात मन जवळजवळ झालं होतं. पानं तांबूस व्हायला लागली होती. आणि आज हे.

आमच्या गावात कोणी कोणाला थेट विचारत नाही. मी आत जाऊन म्हणाले, चित्रं काय गोड काढलीस. आमच्याकडची कुठलीही सून एवढ्यावर जमिनीवर कपाळ टेकून माफी मागती. पण नागिसा उत्तरेकडच्या टोकाची, त्सुगारूची, जिथं सहा महिने बर्फ असतं आणि माणसं शब्द खर्च करत नाहीत. ती म्हणाली, टोफूची सावली नीट जमली नाही. मग मी विचारलं, एवढ्या जागा निवडल्यास कशा गं. ती पिठावर ओलं फडकं घालत होती. प्रत्येक ठिकाणी दोनदोनदा जेवले, म्हणाली. पहिल्यांदाच आलेला माणूस, ज्याला गल्लीतलं काही ठाऊक नाही, कोणी काही सांगितलेलं नाही, असा माणूस नुसता बसला, जेवला आणि खुश होऊन बाहेर पडला पाहिजे. अशा नऊच निघाल्या. एवढं बोलून ती माझ्याकडे जरुरीपेक्षा क्षणभर जास्त बघत राहिली आणि मग फडकं सारखं करायला लागली. म्हणजे मासुयात जेवून माणूस खुश होऊन बाहेर पडत नाही. आणि हे माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून. मी म्हणाले, छान. आणि जिना चढून खोलीत गेले, आणि काय करायचं ते मला पायऱ्या चढता चढताच कळलं होतं.

गुरुवार होता, आमचा सुट्टीचा दिवस. एका गल्लीतले दुकानदार एकमेकांकडे जेवत नाहीत. दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावल्यासारखं होतं ते. पाहुण्यानं विचारलं तर आम्ही दुसऱ्याचं नाव सांगतो, पण स्वतः जात नाही. चाळीस वर्षांत मी माझ्या सुपाशिवाय दुसऱ्या कोणाचं सूप तोंडात घातलं नव्हतं. त्या दिवशी मी जांभळी किमोनो काढली, जी मी लग्नांना नेसते. देवळात जाते म्हणून सांगितलं. खाली वाटायला ठेवलेल्या गठ्ठ्यातला एक नकाशा घडी करून कमरपट्ट्यात खोचला. आरशात बघितलं तर गाल लाल. नऊच्या नऊ ठिकाणी जेवायचं, एकेकाचं पितळ उघडं पाडायचं, आणि संध्याकाळी तो कागद सुनेपुढं ठेवून सांगायचं, हे बघ तुझे नऊ. आणि भूक म्हणाल तर अशी भूक मला काझुनारी पोटात होता तेव्हा लागली होती.

पहिली जागा कोताबे यांची, रोजच्या साध्या भाज्यांची. मी पडदा बाजूला सारला तर कोताबे बाईंच्या हातातला चमचाच थांबला. मासुया-सान, म्हणाल्या, तुमच्याकडे काही झालं का. आम्ही एकमेकांना दुकानाच्या नावानंच हाक मारतो. मी म्हटलं, भूक झाली. पाच वाट्या आल्या, तळलेल्या टोफूबरोबर शिजवलेला पाला, भोपळा, वांगं, बारके मासे, भात. पहिला घास घेतला आणि मला हसू फुटलं. पाणी. नुसतं पाणी. पालेभाजी धुऊन ठेवावी तसली चव. भोपळा गोड होता, पण गोडाच्या मागे उभं राहायला मीठ नव्हतं. माझ्या शेजारी एक पाहुणी डोळे मिटून जेवत होती, दर घासाला हं हं करत. बिचारी, मी म्हटलं मनात, हिला कोणी चांगलं खाऊ घातलंच नाही. मी सगळं संपवलं, कारण टाकणं आमच्यात बसत नाही, आणि बाहेर पडून नकाशावर नखानं एक रेघ ओढली. दुसरी जागा माशाच्या सुशीची. व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगडा भातावर दाबून, वर शेवाळाची पारदर्शक साल. आंबट लागला, पण पुढं काही नाही. दुसरी रेघ. मी चालत नव्हते, तरंगत होते. नऊ तर नऊ, मी म्हटलं, दुपारपर्यंत सगळ्यांची वाट लावते.

तिसऱ्या जागी गरम टोफू. मातीच्या भांड्यात पाणी उकळतंय, त्यात पांढऱ्या वड्या हलताहेत. वडी जिभेवर ठेवली तर फक्त ऊब. बुडवायचा सॉससुद्धा मला फिका वाटला. पण ती ऊब घशातून उतरली आणि मला सासू आठवली. त्या पहाटे चारला उठायच्या, आणि दाशी चाखायच्या आधी थेंबभर पाणीही घ्यायच्या नाहीत. जीभ उपाशी पाहिजे म्हणायच्या. बशीत एक घोट घ्यायच्या, डोळे छताकडे, आणि त्या वेळी घरात कोणी खोकलासुद्धा नाही. मी सात वर्षं दाराशी उभी राहून त्यांचा गळा हलताना बघितला. मग एका सकाळी त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, तू सांग. मी म्हटलं, चिमूटभर कमी आहे. त्यांनी चिमूटभर टाकलं. बस, एवढाच समारंभ. त्या सकाळी मी विहिरीपाशी जाऊन एकटी नाचले होते, खरंच नाचले होते, ओल्या दगडावर. आणि नागिसा आली त्या वर्षी तिच्या आईनं बर्फातून लोणच्याचं पिंप पाठवलं होतं. मी एक फोड खाल्ली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, तुमच्या उत्तरेच्या लोकांच्या जिभा जन्मतःच मिठात मुरवतात की काय, या जिभेनं माझ्या घरात मिठाबद्दल बोलायचं नाही. सगळे हसले. नागिसासुद्धा हसली. टोफूच्या वाफेत मला तिचा तो हसरा चेहरा दिसला आणि मी तो हातानं बाजूला केला. तिसरी रेघ.

चौथी जागा मुरानो यांची. तिथं विलायती जेवण मिळतं, पावाचा चुरा लावून तळलेलं मांस आणि कांद्याचं सूप. निशिजिनमध्ये रेशमाचे व्यापारी होते तेव्हापासून हे आहे. माझे वडील विणकर, ते या दारासमोरून जाताना पावलं मंद करायचे आणि वास घेऊन पुढं जायचे. म्हणून इथं मी जरा हळवी होऊनच बसले. सूप आलं. पहिला चमचा घेतला आणि माझं सगळं तोंड जागं झालं. चव. अखेर चव. कांदा, लोणी, आणि मधोमध ताठ उभं मीठ. मी वाटी उचलून पिऊन टाकली, तळाला लागलेलं पावानं पुसून घेतलं, आणि वाढणाऱ्या मुलीला बोलावून, चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, या गल्लीत मीठ कशाशी खातात हे कळणारा एक तरी स्वयंपाकी आहे, हे ऐकून बरं वाटलं म्हणून सांगा आत. मुलगी लाल झाली. मला वाटलं स्तुतीनं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, तुझंही खारट आहे का रे. नवऱ्यानं चमचाभर घेतलं, तोंड वाकडं केलं आणि पाण्याचा पेला उचलला. मागच्या टेबलावरचा म्हातारा म्हणाला, मला वाटलं माझंच. आणि आतून मुरानो धावतच आला, टोपी काढून, प्रत्येक टेबलापुढं कमरेत वाकत. आज चुकून मीठ दोनदा पडलं, लगेच दुसरं आणतो, फार फार माफी. माझ्या टेबलापाशी आला. माझी वाटी बघितली. पुसून घेतलेली, कोरडी, चकचकीत. आमच्या गावचा माणूस तो. वाटीपुढंच वाकला.

बाहेर ऊन होतं. माझे पाय आपोआप चालत होते, आणि मी जिभेनं जिभेला चाचपत होते, दात पडल्यावर पोर हिरडीला चाचपतं तसं. कोताबेंचा भोपळा. डोळे मिटून जेवणारी ती पाहुणी. टोफूचा सॉस. चार स्वयंपाक्यांच्या हातचं जेवले, तीन फिके आणि एक बरोबर, आणि जो बरोबर तोच चुकलेला. हिशेब सहावीतल्या पोरीलाही जमेल. पण मन कोर्टातल्यासारखं भांडत होतं. मग आमचे वाडगे कोरे कसे परत येतात, सांगा. रोज तीस घरी डबा जातो आणि रोज तीस वाडगे दाराशी परत ठेवलेले असतात, थेंब नाही त्यांत, गेली कित्येक वर्षं. मी दर सकाळी ते मोजताना मनात म्हणत आले की बघा, गल्ली तळापर्यंत पिते. आणि चालता चालता मधेच मी थांबले, एका अनोळखी घराच्या खिडकीपाशी, आणि मला मोठ्यानं हसायला आलं. अगं बये, आमच्याकडे वाडगा धुऊन परत ठेवायची रीत आहे. मीच धुऊन ठेवायचे माहेरी. भरलेला असो, अर्धा असो, मोरीत ओतलेला असो, दाराशी जातो तो धुतलेलाच. दुसऱ्या कुठल्याही गावात दुकानदारणीला पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी आमच्या सभ्यपणाचे तीस वाडगे रोज मोजले आणि त्यांना सुपाची पावती समजले.

किनुएचं घर दोन वळणांवर. सहावीपर्यंत एका बाकावर बसलो. ती नंतर साठ वर्षं मागावर बसली. गल्लीत मला नावानं हाक मारणारी आता तेवढीच. ती माजघरात शेंगा निवडत होती, माझी जांभळी किमोनो बघून म्हणाली, कोण गेलं? मी उंबऱ्यावरच बसले. फळीवर आमचा कालचा वाडगा धुऊन पालथा घातलेला दिसत होता.

"किनुए, तू आमचं सूप पितेस का?"

ती म्हणाली यंदा पानं लवकर लाल झाली.

"पानं मी बघून आले. सूप पितेस का?"

"पिते की."

"आहे तसं?"

तिनं माझ्यासाठी चहा ओतायला किटली उचलली होती. हात मधेच थांबला. ती किटलीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि मला तिच्या तोंडावर ती बाकावरची मुलगी दिसली, जी गुरुजींनी विचारलं की खोटं बोलू शकायची नाही.

"थोडं पाणी घालून पिते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुला तो ताप आला होता बघ. दोन हिवाळे झाले." मग ती शेंगांशी बोलल्यासारखी बोलत गेली. त्या तापात मला महिनाभर कशाचा वास येत नव्हता, मग फुलांचा यायला लागला, म्हणून मीच सगळ्यांना सांगितलं होतं की झालं, सगळं परत आलं. तेव्हापासून सुपातलं मीठ चढत गेलं. आधी गल्लीला वाटलं, आजारातून उठली आहे, होईल ठीक. मग वाटलं, आता सांगायचं कोणी. डबा बंद करणं कोणाच्या मनात आलं नाही. किटल्या होत्याच घरात.

"किती पाणी घालायचं हे कसं कळतं तुम्हाला?" मी विचारलं. का विचारलं कोणास ठाऊक. दुकानदारीण बोलली असेल आतली.

"तुझी सूनच सांगते ना. डबा ठेवते आणि म्हणते, आज दोन घोट. एखाद्या दिवशी म्हणते आज एकच. एकदा म्हणाली आज तीन आणि वर थोडा कांदा. हिसानो, तुला सांगते, एवढ्या दिवसांत ती पोरगी कधी चुकली नाही."

काय वाटलं ते कसं सांगू. लाज वाटली म्हणाले तर निम्मंच खरं. तोंडात मारल्यासारखं झालं आणि त्याच वेळी अंगावर काटा आला, तो विहिरीपाशी नाचले होते त्या सकाळसारखा. म्हणजे पातेल्याला हात लावायची बंदी, म्हणून या बाईनं पातेलं तसंच ठेवलं आणि निम्म्या निशिजिनच्या किटल्यांतून रोज माझं सूप नीट केलं. तीस घरी. सायकलवरून. निघण्याआधी कुठे तरी मागच्या बोळात झाकण उघडून घोट घेत असेल, डोळे आभाळाकडे. दुकानातल्या टेबलांवरही तिनं दोन वर्षांपूर्वी गरम पाण्याची भांडी आणून ठेवली होती, आणि मी म्हणाले होते, ही काय गावंढळ सवय, आमच्याकडे जेवताना कोणी गरम पाणी पीत नाही. ती म्हणाली होती, असू दे आई, थंडी आहे. जुनी गिऱ्हाइकं काही न बोलता वाडग्यात ओतून घ्यायची आणि मला वाटायचं, म्हातारी झाली माणसं, सूप पुरवून पुरवून खातात. पण पहिल्यांदाच आलेला माणूस, ज्याला गल्लीतलं काही ठाऊक नाही, कोणी काही सांगितलेलं नाही, तो कशाला पाणी ओतून घेईल? सकाळचं तिचं बोलणं शब्दन् शब्द माझ्या कानात परत आलं, आणि या खेपेला त्यात टोमणा नव्हता. त्यात कधीच टोमणा नव्हता. उत्तरेच्या लोकांना तो येत नाही. त्या जिभेनं माझ्या घरात मिठाबद्दल बोलायचं नाही, मी म्हटलं होतं. नाही बोलली. बारा वर्षं नाही बोलली. माझ्या घराबाहेर तीस घरी बोलली.

किनुएनं चहा दिला. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुझं तोंड बघितलंस कधी आरशात. दोघी हसलो. हसता हसता तिचे डोळे भरले, माझे नाही, मला वेळ नव्हता. पाच जागा राहिल्या होत्या.

पोटात जागा नव्हती, म्हणून आता मी जेवले नाही. प्रत्येक दारासमोर रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले आणि बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघितली. कधी केलं नव्हतं हे आयुष्यात. पंचावन्न वर्षं मी पातेल्यात बघितलं, तोंडाकडे नाही. अंड्याच्या सँडविचवाल्याकडून दोन मुली निघाल्या, एकीच्या ओठावर पिवळं लागलेलं, तिला पत्ताच नाही, ती हात हलवून हलवून दुसरीला काही सांगतेय. काडीवरचे तांदळाचे गोळे देणाऱ्या बाईच्या बाकावर एक गंभीर साहेब बोटं चाटत होते. ईल मासा भाजणाऱ्याच्या दारात एक म्हातारं जोडपं बाहेर येऊन उभंच राहिलं, कुठे जायचं ते विसरून, नवरा बायकोला म्हणाला, उद्या पुन्हा? नवव्या जागेपर्यंत मी अशी उभी राहिले. आणि नऊच्या नऊ ठिकाणी नागिसा बरोबर होती. मी सकाळी ओढलेल्या तीन रेघांवर बोट फिरवलं, पण नखाची रेघ पुसता येत नाही. माझ्या डोक्यात सूप सुरू झालं होतं. शेवाळ किती, मासा किती, उकळी कुठे थांबवायची, हे सगळं माझ्या हातांत जसंच्या तसं होतं, त्याला जीभ लागत नाही. फक्त शेवटची चिमूट गेली होती. एक चिमूट. मला इतकी घाई झाली की शेवटचं वळण मी किमोनो वर धरून पळाले, सत्त्याहत्तर वर्षांची, लग्नातल्या कपड्यांत, आणि गल्लीच्या अध्यक्षांनी दारातून विचारलं, मासुया-सान, आग लागली का. मी म्हटलं, लावायला चालले आहे.

नागिसा मागच्या खोलीत चटईखाली पीठ घालून तुडवत होती, उद्यासाठी. मी कपडे न बदलता चूल पेटवली. ती दारात येऊन उभी राहिली. मी पापुद्रे टाकले, गाळलं, सोया सॉस घातला, मीठ घातलं, माझ्या जिभेला बरोबर लागेपर्यंत. मग फडताळातून ती बशी काढली, एक पळी ओतली आणि तिच्यापुढं धरली. तिनं बशी घेतली नाही. आधी पायाचं पीठ पुसलं, हात धुतले, तोंडात पाणी घेऊन चूळ भरली. मग घेतली. तिचा गळा हलताना मी बघितला.

"कसं आहे?"

"आई, नेहमीसारखंच–"

"कसं आहे ते विचारलं मी."

बाहेर कोणाची तरी सायकल गेली. नागिसानं बशी दोन्ही हातांत धरली होती आणि तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं आता ही पुन्हा गप्प बसणार, आणि मग मी खरंच बंद करणार, आजच, आत्ता, चूल विझवून.

"खारट आहे," ती म्हणाली.

"किती?"

"दोन घोट."

मी दोन घोट पाणी घातलं. तिनं पुन्हा चाखलं, डोळे मिटले आणि मान हलवली. मला चव लागली नाही. ऊब लागली. मग मी चुलीपासून बाजूला झाले आणि सकाळपासून जे बोलायचं होतं ते बोलले, माझ्या नेहमीच्या आवाजात, कारण दुसरा आवाज मला नाही.

"तुझा नकाशा बरोबर आहे, आणि तू चुकलीस. दोन वर्षं गल्लीतल्या सगळ्या किटल्यांशी बोललीस, माझ्याशी नाही. मी तुझं तोंड बंद केलं म्हणून गप्प बसणारी बाई मला चुलीपाशी चालणार नाही. उद्यापासून मीठ तुझं. पण रोज मला बशी द्यायची, आणि मी चुकीचं बोलले की गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं, आई तुमची जीभ गेली, असं म्हणायचं. आणि दहावं नाव लिहिशील ते तुला पटेल तेव्हाच. मी म्हणते म्हणून लिहिलंस, तर मी स्वतः जाऊन खोडून येईन."